दोन कागद, एक पिन

सकाळी ६.५०

कुलूप मामा उघडतात, दार मी ढकलते. बावीस वर्षांत हा क्रम बदललेला नाही. मे महिन्यातलं सोलापूर सात वाजायच्या आतच तापायला लागतं, त्यामुळे आत शिरल्यावर आधी एसीकडे बघायचं. आमच्यासाठी कोणी एसी दिला नसता. तो मशीनसाठी आहे. ॲनालायझरच्या पोटात रक्त आणि औषधांची क्रिया बरोबर ३७ अंशांवर चालते. बाहेर खोलीतच तेवढं झालं की तो रुसतो आणि दिवसभर लाल दिवा दाखवत बसतो.

आज गुरुवार, म्हणजे हेपॅटायटीसचा दिवस. ओपीडीत जुनाट कावीळवाले येणार आणि त्यांचे बल्ब आमच्याकडे. बाहेरच्या माणसाला बल्ब म्हटलं की दिवा आठवतो, आमच्याकडे रक्त घ्यायच्या नळीला बल्ब म्हणतात. प्लेन बल्ब, ईडीटीए बल्ब, सायट्रेट बल्ब. नव्याने आलेल्या मुलींना पहिले दोन दिवस हसू येतं.

सकाळी ७.२०

कंट्रोल लावले. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं सॅम्पल. एक नॉर्मल पातळीचं, एक वाढलेलं. मशीनने दोन्हींचं उत्तर बरोबर दिलं तरच पेशंटचं रक्त त्याच्या हवाली करायचं. आज नॉर्मलवाल्यात एसजीपीटी आठाने जास्त आली. आठ म्हणजे काय मोठं, असं कोणालाही वाटेल. पण चाळीसच्या आत नॉर्मल धरायचं असेल, तर आठामुळे अर्धी ओपीडी या बाजूची त्या बाजूला जाते. रिएजंटची बाटली बदलली, कॅलिब्रेशन केलं, परत लावलं. बसलं.

या एसजीपीटीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दिवसभर सगळे तिच्याच नावाने येतात. तिचं नवं नाव एएलटी. ते येऊन कित्येक वर्षं झाली, पण आमच्या खिडकीवर अजून एकाही पेशंटने ते उच्चारलेलं नाही. हे एन्झाइम राहतं यकृताच्या पेशीत. पेशी फुटली, दुखावली की ते रक्तात सांडतं. मशीन मात्र त्याला थेट बघत नाही. आम्ही क्युव्हेटमध्ये त्याला खाद्य घालतो, त्यापासून ते पायरुव्हेट तयार करतं. मग दुसरं एक एन्झाइम त्या पायरुव्हेटचं लॅक्टेट करतं आणि ते करताना एनएडीएच नावाचा पदार्थ खर्च होतो. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश अडवतो. तो संपत जाईल तसा प्रकाश जास्त पलीकडे जातो. मशीन टिपतं ते एवढंच, की दर मिनिटाला किती संपलं. रिपोर्टवरचा आकडा हा असा संपण्याचा वेग आहे. आत्ता, या दोन दिवसांत, यकृतात किती पेशी दुखावल्या जात आहेत याचा तो अंदाज. आजवर किती गेल्या, हे त्यात कुठेच नाही. माझ्या धंद्यातला सगळा घोळ इथून सुरू होतो.

सकाळी ८.३०

खिडकी उघडली. रांग आधीपासून आहे. अर्धे उपाशीपोटी आलेत. लिव्हरच्या तपासणीला उपाशी राहायची तशी गरज नसते, पण कोणी तरी कधी तरी सांगितलेलं असतं आणि माणूस अक्कलकोटहून पहाटेची एसटी धरून पाणीसुद्धा न पिता येतो. शीर मग सापडत नाही.

हातात केसपेपर घेतला की लोक हळू आवाजात सांगतात, 'पांढरी कावीळ आहे.' हेपॅटायटीस बीला आपल्याकडे हेच नाव पडलंय. पिवळी ती साधी, पांढरी ती वाईट. नाव ठेवणाऱ्याला काही तरी कळलं होतं, असं मला नेहमी वाटतं. डोळे पिवळे न होता आतल्या आत चालणारा आजार तो पांढरा. माळ घालून, नाकात देवडांगरीचे थेंब सोडून 'उतरते' ती पहिली, जी बहुतेक वेळा आपोआपच उतरणार असते. ए किंवा ई विषाणूची ती. माळेला श्रेय मिळतं. बी आणि सी मात्र सहा महिन्यांच्या पुढे शरीरात राहिले की जुनाट, आणि मग माळेची लांबी कितीही वाढू दे.

भिंतीवर २८ जुलैचं जुनं पोस्टर आहे. त्या तारखेला २०१८ साली केंद्र सरकारचा हेपॅटायटीसचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून बी आणि सीच्या तपासण्या आणि गोळ्या मोफत. २८ जुलै हा बारूक ब्लूमबर्ग यांचा वाढदिवस. हेपॅटायटीस बीच्या विषाणूचा पत्ता लावल्याबद्दल त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं. पोस्टरवर त्यांचं नाव नाही, मंत्र्यांचा फोटो आहे.

एका माणसाचे तीन बल्ब. आधी निळ्या झाकणाचा सायट्रेट, मग प्लेन, शेवटी जांभळा ईडीटीए. या क्रमाला कारण आहे. ईडीटीएचा थेंब जरी चुकून दुसरीकडे गेला तरी तिथलं कॅल्शियम बांधून टाकतो आणि उत्तरं बिघडतात. सायट्रेटचा बल्ब रेघेपर्यंतच भरायला हवा. नऊ भाग रक्त, एक भाग औषध. काल इंटर्नने अर्धाच भरून पाठवला होता. औषध जास्त, रक्त कमी, गोठायला उशीर, आयएनआर २.४. तो पेशंट धडधाकट बाहेर चहा पीत उभा होता. परत घेतलं, १.१ आलं.

सकाळी ९.४५

ग्रामीण रुग्णालयाकडून व्हॅक्सिन कॅरियर आला. उघडल्याबरोबर तोंड कडू झालं. बल्ब थेट बर्फाच्या पॅकला टेकवून ठेवलेले, आठांपैकी तीन सेंट्रिफ्यूज केल्यावर डाळिंबाच्या रसासारखे लाल. तांबड्या पेशी फुटल्या. एसजीपीटीची जोडीदार एसजीओटी यकृतात असते तशी त्यांच्यातही भरपूर असते, म्हणजे आता यात जे दिसेल ते यकृताचं की फुटलेल्या रक्ताचं, हे देवालाच ठाऊक. तिन्ही नापास केले. फोन केला तर पलीकडची सिस्टर म्हणाली, 'ताई, तो पेशंट तीस किलोमीटरवरनं आलता, आता परत कुठनं बोलवू?' तिचं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. पेशंटला मात्र परत यावंच लागणार.

सकाळी १०.३०

मशीन भरून सुरू केलं. पहिल्या तासात एक मोठा मासा लागला. एकोणीस वर्षांचा मुलगा, मेडिसिन वॉर्डातला, डोळे हळदीसारखे. एसजीपीटीपुढे आकडाच नाही, नुसती खूण. एन्झाइम इतकं जास्त की पहिल्या काही सेकंदांतच सगळं एनएडीएच संपलं आणि मशीनला मोजायला काही उरलं नाही. सॅम्पल दहापट पातळ करून परत लावलं, २,८४०. वॉर्डात कळवलं. त्याच्या एलायझामधून बहुधा ई निघेल, पाण्याची कावीळ.

हा आकडा बघून नवी मुलगी घाबरली. मी तिला म्हटलं, आयएनआर बघ. १.२. बिलिरुबिन ९ आहे, पण गोठण्याचे घटक यकृत नीट बनवतंय. त्यातल्या सातव्या घटकाचं आयुष्य जेमतेम सहा तास, त्यामुळे यकृताने हात टेकले तर ते आयएनआरमध्ये लगेच दिसतं. उद्या परत बघायचं, परवा परत. तो तसाच राहिला तर महिन्या-दीड महिन्यात हा पोरगा पोहायला जाईल. घर पेटलंय खरं, पण भिंती शाबूत आहेत.

भिंती पडलेली घरं गुरुवारच्या ट्रेमध्ये असतात, आणि तिथे धूरही नसतो. ३६, ४१, २९, ३३. जवळजवळ सगळे नॉर्मल.

सकाळी ११.३५

सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशी मोजायचं, मशीन पलीकडच्या खोलीत. तो विभाग वेगळा, रजिस्टर वेगळं, छापणारा प्रिंटर वेगळा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिथल्या दादांनी हाक मारली. एकोणतीस वर्षांची बाई, बाळंतपणाच्या तपासणीत हेपॅटायटीस बी कळलेली, बाळाला जन्मल्याबरोबर चोवीस तासांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळालेलं. आज तिचा नेहमीचा फेरा. प्लेटलेट ३८ हजार. नॉर्मल दीड लाखाच्या पुढे.

ओपीडीत हल्ली फिब-४ काढतात. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या. यकृतात किती व्रण झालाय, किती तंतू वाढलेत, ते सुई न टोचता सांगायची ही युक्ती. २००६ मध्ये एचआयव्ही आणि हेपॅटायटीस सी दोन्ही असलेल्या रुग्णांच्या अभ्यासातून आली. १.४५ च्या खाली उत्तर आलं तर मोठा व्रण नसावा, ३.२५ च्या वर आलं तर असावा, मधलं सगळं धुकं. त्या बाईची एसजीओटी ३४, एसजीपीटी ३६. मोबाइलवर गणित केलं. ४.३२.

एकोणतिसाव्या वर्षी? पस्तिशीच्या आत हे सूत्र तसंही भरवशाचं नाही. दादांनी आधीच स्लाइड केली होती. सूक्ष्मदर्शकात कडेला बघितलं तर प्लेटलेटचे घोस लागलेले, द्राक्षांसारखे. काही माणसांच्या प्लेटलेट ईडीटीए लागला की एकमेकींना चिकटतात; मशीनला तो घोस एक मोठी पेशी वाटते आणि ते मोजायचं सोडून देतं. बाई अजून खाली होती, बाळाला घेऊन बाकावर. सायट्रेटमध्ये परत घेतलं, १ लाख ८० हजार. सायट्रेटच्या पाण्याने रक्त थोडं पातळ होतं म्हणून १.१ ने गुणायचं. १ लाख ९८ हजार. फिब-४ आता ०.८३. आजार तिच्यात नव्हता, बल्बात होता.

दुपारी १२.४०

तिच्या नंतरचाच केसपेपर. चोपन्न वर्षांचे गृहस्थ, पूर्व भागातले, यंत्रमागावर तीस वर्षं काढलेली, घरात तेलुगू आणि आमच्याशी मराठी. बारा वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरात हेपॅटायटीस बी कळला. सकाळी रक्त देताना त्यांनी प्लास्टिकची पिशवी उघडून दाखवली होती. पाच वर्षांचे एसजीपीटीचे रिपोर्ट, ओळीने. ४१, ३८, ४४, ३५, ३७. दर दिवाळीनंतर स्वतःच्या पैशाने बाहेर करून घेतात. 'नॉर्मल असतंय ताई. उगं भ्या कशाला.'

आज एसजीपीटी ३६, एसजीओटी ५८. नेहमी पीटी पुढे असते आणि ओटी मागे. इथे ओटीने गाठून मागे टाकलंय. दारूत असं होतं, पण तंबाखू सोडली तर त्यांना काही व्यसन नाही, असं केसपेपरवर लिहिलंय. व्रण वाढलेल्या यकृतातही असं होतं. अल्ब्युमिन ३.१. हे प्रथिन यकृतच बनवतं आणि ते रक्तात वीसेक दिवस टिकतं, म्हणून ते उतरायला वेळ लागतो. उतरलंय म्हणजे ही कालची गोष्ट नाही. आयएनआर १.३. बिलिरुबिन १.३. एकेक बघितलं तर कशाचंच बोट धरता येत नाही.

पलीकडच्या खोलीतून प्लेटलेट ९२ हजार.

या वेळी स्लाइड मी स्वतः बघितली. घोस नाहीत. फील्डमागून फील्ड रिकामी, खरोखरच कमी. यकृत टणक झालं की आतड्याकडून येणारं रक्त त्यात सहज शिरत नाही, ते मागे तुंबतं, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथेच अडकून पडतात. त्यातून प्लेटलेट बनवायचा निरोप देणारं द्रव्यही यकृतातच तयार होतं. म्हणजे यकृताची खरी हालत ज्या आकड्यात उतरते तो लिव्हरच्या रिपोर्टवर छापलाच जात नाही. तो सीबीसीवर असतो.

चोपन्न गुणिले अठ्ठावन्न, ३,१३२. खाली ब्याण्णव गुणिले सहा, ५५२. उत्तर ५.६७.

दुसरं गणित एप्रीचं, २००३ चं, याहून सोपं. एसजीओटी नॉर्मलच्या वरच्या हद्दीच्या किती पट आहे ते काढायचं, प्लेटलेटने भागायचं, शंभराने गुणायचं. १.५८. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत सिऱ्होसिससाठी, म्हणजे व्रणांनी टणक झालेल्या यकृतासाठी, २ ची हद्द होती. २०२४ मध्ये ती १ वर आणली. तोच माणूस, तेच रक्त, २०१५ च्या कागदावर अलीकडे आणि आजच्या कागदावर पलीकडे. हद्दी माणसांनी आखलेल्या असतात, हे मला या खोलीत जितकं कळलं तितकं कुठे कळलं नाही.

मॅडमना दाखवलं. त्यांनी सही केली आणि ओपीडीत फोन लावला.

दुपारी १.४५

डबा. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. नव्या मुलीला विचारलं, लसीचे तीन डोस झाले का. दोन झालेत म्हणे, तिसरा राहिला. सहाव्या महिन्यातला तो डोस घेईपर्यंत गुरुवारच्या ट्रेला एकटीने हात लावायचा नाही, असं सांगितलं. ती गप्प झाली. रागावली असेल. मला मागे एकदा सुई लागलेली आहे. लस आणि पुरेशी प्रतिपिंडं होती म्हणून मी रात्री झोपू शकले. ते तिला आज सांगितलं नाही.

जेवताना काळजाचा विषय निघाला. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की खाटीक यकृत देतो, आणि कवितेत काळीज म्हटलं की हृदय. मामा म्हणाले, 'दोन्हीकडं दुखतंयच की.' मामांचं असंच असतं.

दुपारी २.३०

डॉक्टर स्वतः वर आले. पिशवीतले सगळे रिपोर्ट त्यांनीही बघितले होते. त्यात एक कागद वेगळा सापडला, तीन वर्षांपूर्वीचा सीबीसी. ताप आला होता, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह, प्लेटलेट १ लाख २८ हजार. कोणी तरी पेनाने गोल करून 'डेंग्यू?' लिहिलंय. प्लेटलेट कमी म्हटलं की आपल्याकडे दुसरं काही सुचतच नाही. पपईच्या पानाचा रस पिऊन झाला, ताप गेला, कागद पिशवीत गेला.

आता सोनोग्राफी, फायब्रोस्कॅनसाठी चिठ्ठी, आणि प्लेटलेट दीड लाखाच्या बऱ्याच खाली असल्याने एन्डोस्कोपी, अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का ते बघायला. विषाणूच्या डीएनएचं सॅम्पल आजच गेलं. टेनोफोव्हिरची रोजची एक गोळी बहुधा लगेच सुरू होईल. पोटात पाणी नाही, डोकं साफ आहे. चाइल्ड-प्यूच्या हिशोबात ६ गुण, ए वर्ग. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलेत. मी मनात म्हटलं, बारा वर्षांनी.

मग दोन किरकोळ भांडणं मिटवली. एकांची हेपॅटायटीस सीची बारा आठवड्यांची गोळ्यांची मुदत संपली, त्यानंतर बारा आठवड्यांनी केलेल्या आरएनए तपासणीत विषाणू सापडला नाही, म्हणजे बरे झाले. पण त्यांनी बाहेर अँटीबॉडी करून घेतली, ती पॉझिटिव्ह. ती आयुष्यभर राहू शकते, ती आजाराची आठवण आहे, हे सांगायला वीस मिनिटं लागली. दुसरा पोलीस भरतीचा पोरगा. एसजीओटी १४०. आदल्या दिवशी सोळाशे मीटरची चाचणी, गोळाफेक, आठवडाभर जोर-बैठका. ओटी स्नायूतही असते. स्नायूंचं एन्झाइम सीपीके, तीही लावली, ती भरपूर वाढलेली. आठ दिवस विश्रांती घेऊन परत ये म्हटलं, तर म्हणतो विश्रांती घेतली तर भरती कशी होणार.

दुपारी ४.१०

रिपोर्टची खिडकी. यंत्रमागवाले काका आले. आमच्या प्रिंटरवरचा कागद माझ्याकडे, पलीकडच्या प्रिंटरवरचा दादांकडे. नियमाने ते दोन वेगळ्या खिडक्यांतून मिळतात. लिव्हरचा कागद घेऊन माणूस घरी जातो, सीबीसीचा पुष्कळदा न्यायचाच राहतो. मी पलीकडे जाऊन तो आणला आणि दोन्ही एकत्र करून पिन मारली.

त्यांनी वरच्या पानावर बोट फिरवत एसजीपीटी शोधली.

'छत्तीस. नॉर्मल हाय की.'

काय झालंय ते सांगायचा अधिकार मला नाही, तो डॉक्टरांचा. मी पान उलटलं आणि प्लेटलेटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'काका, आजपासून एसजीपीटी एकटी बघायची नाही. हे दोन्ही मिळून एक रिपोर्ट. डॉक्टर थांबलेत तुमच्यासाठी, सोळा नंबरमध्ये. घरी जायच्या आधी भेटा.'

त्यांनी बराच वेळ दुसरं पान बघितलं. मग विचारलं, 'पोराचं पण करावं लागंल का?'

'उद्या सकाळी घेऊन या. काकूंनाही. उपाशी राहायची गरज नाही.'

ते दोन पावलं गेले आणि परत आले. 'झेरॉक्स काढायचं हाय. पिन काढू का?'

झेरॉक्सवाला पिन काढणार, वरचं पान काढून देणार, खालचं काचेवरच राहणार. हे मी शंभरदा बघितलंय. मी कागद परत घेतला, आत जाऊन आमच्या मशीनवर दोन्ही पानं एकाच कागदावर पाठपोट छापली, आणि मूळ रिपोर्टाला दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक पिन मारून दिली.